पंचसूना आणि विजेचे घर

घर चालवायचे तर कुणाला ना कुणाला इजा होणारच, हे भारतीय धर्मविचाराने फार पूर्वी मान्य केले होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच हत्यास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांना पंचसूना म्हणतात. चुलीत लाकडाबरोबर किडे जळतात, जात्यात धान्याबरोबर भरडले जातात, केरसुणीखाली मुंग्या मरतात. ही इजा कुणी ठरवून करत नाही, आणि ती पूर्ण टाळून संसारही करता येत नाही. म्हणून तिच्या निष्कृतीसाठी गृहस्थाला रोजचे पाच महायज्ञ सांगितले: अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांसाठी होम, भूतमात्रांसाठी बळी आणि अतिथीचा सत्कार. महायज्ञांची कल्पना मनुस्मृतीहून जुनी आहे. शतपथ ब्राह्मणात आणि तैत्तिरीय आरण्यकात ती आढळते. जेवणाआधी काढून ठेवला जाणारा गोग्रास, कावळ्यासाठीचा घास, ताटाभोवतीच्या चित्राहुती ही मराठी घरांत टिकून राहिलेली तिचीच रूपे.

आजच्या घरात या पाच वस्तूंपैकी बहुतेकांचे काम विजेवर गेले आहे. जात्याचे काम गिरणी करते, पाट्या-उखळाचे मिक्सर, घड्याचे काम इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि तिला पाणी चढवणारा पंप. चुलीच्या जागी गॅस किंवा इंडक्शन आले. त्यात फ्रीज, गीझर, धुलाईयंत्र आणि एसीची भर पडली. घर स्वच्छ झाले, धूर गेला, कष्ट हलके झाले. इजा मात्र थांबली नाही. ती उंबरठ्याबाहेर, बऱ्याचदा शेकडो किलोमीटर दूर गेली. दिसेनाशा झालेल्या इजेची जबाबदारी घरावर राहते की नाही, हा घरगुती ऊर्जेमागचा खरा नैतिक प्रश्न आहे. वीज कशी वाचवावी याचे तंत्र आता सर्वांना उपलब्ध आहे. ती का वाचवावी याचे उत्तर बहुधा बिलापाशी थांबते, आणि ज्याला बिल परवडते त्याच्यापुरते ते उत्तर तिथेच संपते.

ही इजा कुठे होते ते आधी पाहायला हवे. भारतातली बहुतांश वीज अजून कोळशापासून बनते. एक युनिट औष्णिक विजेसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. देशाच्या वीजजाळ्याची सरासरी काढली तर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला २०० युनिट वापरणारे घर वर्षाला दीड टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइडला कारण होते. महाराष्ट्रात चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहेत. तिथली राख, तिथली धूळ, खाणींसाठी गेलेले जंगल आणि केंद्राला लागणारे पाणी हा सगळा मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातल्या उजेडाचा न छापलेला हिशोब आहे. पाण्याचा प्रश्न किती खरा आहे ते परळीने दाखवले: २०१५ च्या दुष्काळात धरण आटले आणि तिथले वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. जलविद्युतही निर्दोष नाही. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. त्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ केले, पण जमिनी पाण्याखाली गेल्याच. धरणामुळे विस्थापन होते हा विषय देशाच्या चर्चेत येण्याच्या कितीतरी आधी मुळशीच्या शेतकऱ्यांनी तो मांडला होता.

पंचसूनेची कल्पना ज्या ग्रंथातून येते त्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. याच मनुस्मृतीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन केले. माणसामाणसांत उच्चनीच ठरवणाऱ्या त्या व्यवस्थेचा पंचसूनेलाही स्पर्श झालेला आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ, घडा या पाचही वस्तू घरातल्या बाईच्या किंवा राबणाऱ्या माणसांच्या हातातल्या. महायज्ञ करण्याचा अधिकार आणि त्याचे पुण्य मुख्यतः घरच्या पुरुषाचे. इजा एकीच्या कामात दाखवायची आणि निष्कृती दुसऱ्याच्या हाती ठेवायची, ही विभागणी आजच्या विजेच्या घरालाही चिकटलेली आहे: दिवे बंद करा, पाणी जपून वापरा ही शिकवण बहुधा गृहिणीला उद्देशून असते, आणि एसी किती टनांचा घ्यायचा, गाडी कोणती, घर किती चौरस फुटांचे, हे मोठे निर्णय दुसरीकडे होतात. कल्पनेतला सच्चा भाग घ्यायचा तर ही विभागणी टाकूनच घ्यावी लागते. सच्चा भाग असा: निर्दोष घर ही गोष्ट नसते, दोष आधी कबूल करायचा असतो, आणि कबुलीनंतर काही देणे लागते.

हा विचार सर्वांत बारकाईने जैन परंपरेने मांडला आहे. जैन आचारशास्त्र हिंसेचे चार प्रकार करते: संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, आरंभी, म्हणजे घरकामात होणारी, उद्योगी, म्हणजे उपजीविकेत होणारी, आणि विरोधी, म्हणजे स्वसंरक्षणात होणारी. साधूने चारही सोडायच्या असतात. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची; बाकीच्या तीन त्याला टाळता येत नाहीत, त्या कमीत कमी ठेवायच्या. या ‘कमीत कमी’ला नेमका अर्थ देण्याचे काम गृहस्थाची व्रते करतात. परिग्रह-परिमाण व्रतात माणूस स्वतःच्या मालकीची मर्यादा आधीच ठरवतो. भोगोपभोग-परिमाणात वापराची मर्यादा ठरवतो. मर्यादा किती असावी हे शास्त्र सांगत नाही. ती ज्याची त्याने ठरवायची, पण ठरवल्यावर पाळायची.

यातले अनर्थदंडविरती हे व्रत तर घरगुती ऊर्जेसाठीच सांगितल्यासारखे आहे. ज्या हिंसेतून काहीच साध्य होत नाही ती अनर्थदंड. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तिचा एक प्रकार प्रमादचर्या असा दिला आहे: कारण नसताना जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, वारा घालणे, झाडे तोडणे. रिकाम्या खोलीतला पंखा, रात्रभर वाहणारी टाकी, कुणी पाहत नसलेला टीव्ही या सर्वांना हे वर्णन जसेच्या तसे लागू पडते. त्यामागची भूमिका अशी की पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू यांनाही जीव आहे. वीज हा सजीव अग्नी मानायचा की निर्जीव, यावर जैन साधूंत दीर्घ वाद झालेला आहे आणि त्यावरच साधूंनी दिवा किंवा ध्वनिक्षेपक वापरावा की नाही हे ठरत आले. आजच्या माहितीच्या उजेडात तो वाद वेगळ्या जागी न्यावा लागतो. बल्बमधल्या तारेत जीव आहे की नाही हे अनिर्णित राहिले तरी खाणीपासून राखेच्या तलावापर्यंतच्या वाटेवर जीव जातात, याबद्दल शंका उरत नाही.

बौद्ध परंपरेने हाच प्रश्न वस्तूच्या आयुष्याकडून पाहिला. विनयपिटकात कोसंबीच्या उदेन राजाची कथा आहे. राण्यांनी बुद्धशिष्य आनंदाला पाचशे चीवरे दान केल्याचे कळल्यावर राजा विचारतो, इतक्या चीवरांचे करणार काय? आनंद सांगतो की ती जीर्ण चीवरे असलेल्या भिक्षूंना वाटली जातील. मग जुन्या चीवरांचे? त्यांच्या अंथरुणावरच्या चादरी होतील; जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, खोळींची बसकरे, त्यांची पायपुसणी, त्यांची फडकी; आणि फडकी फाटली की ती कुटून, मातीत कालवून जमीन लिंपायला घेतली जातील. राजाचे समाधान होते. कापडाचा शेवट घराच्या जमिनीत होतो, ही या कथेतली सर्वांत शिकण्यासारखी जागा. सौरपट्ट्या, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, जुने फ्रीज यांचा शेवट कुठे होतो हे विचारल्याशिवाय घर पर्यावरणपूरक झाले असे म्हणता येत नाही.

इथे एक अडचण उभी राहते. कमी इंधनात जास्त काम झाले तर इजा आपोआप कमी होईल, असे सहज वाटते. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ या पुस्तकात याच्या उलट निरीक्षण नोंदवले. जेम्स वॉटच्या इंजिनाने तेवढ्याच कामाला कितीतरी कमी कोळसा लागू लागला, आणि ब्रिटनचा कोळशाचा एकूण वापर वाढत गेला; कारण स्वस्त झालेली शक्ती नव्या नव्या ठिकाणी वापरली जाऊ लागली. घरातही हेच घडते. ६० वॉटच्या जुन्या बल्बइतका उजेड ९ वॉटचा एलईडी देतो. भारतात २०१५ पासून उजाला योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आणि त्यातून मोठी बचत झाली, हे निर्विवाद आहे. पण ज्या दिवाणखान्यात एक बल्ब होता तिथल्या फॉल्स सीलिंगमध्ये आज डझनभर दिवे बसतात. कार्यक्षमता हा यंत्राचा गुण आहे. मर्यादा हा माणसाचा. पहिला दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, आणि जैनांनी मर्यादेचे स्वतंत्र व्रत का केले ते जेव्हन्सनंतर अधिक स्पष्ट होते.

मर्यादेचा विचार घराच्या भिंतींपर्यंत नेला तो गांधींनी. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले तेव्हा त्यांची अट होती की झोपडी जवळपास मिळणाऱ्या सामानातून आणि गावच्या कारागिरांकडून बांधावी, आणि खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांतून ती कुटी उभी राहिली. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. जाड मातीची भिंत, खाली उतरलेले छप्पर आणि सावलीची पडवी त्याला विजेविना तोंड देतात. विचारवंत इव्हान इलिच १९७८ मध्ये तिथे आले. त्या साध्या कुटीत राहण्याजोगे घर म्हणजे काय याचे उत्तर त्यांना दिसले, आणि सुखसोयी वाढतात तसा माणूस त्यांच्यावर अवलंबून होत जातो हे त्यांनी तिथल्या भाषणात मांडले. याच परिसरात काम करणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला, आणि केरळात घरे बांधणाऱ्या लॉरी बेकर यांनी जवळच्या सामानातून बांधण्याचे तत्त्व गांधींच्या भेटीतून घेतले.

पण गांधींचा मार्ग सर्वांना सारखा सांगता येत नाही, आणि याची आठवण आंबेडकरांइतकी ठामपणे कुणी करून दिली नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना विजेचे धोरणही त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेच्या समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची मागणी केली, कारण तिच्यावाचून उद्योग नाहीत आणि उद्योगांवाचून दारिद्र्यातून सुटका नाही. यंत्राने माणसाला उसंत मिळते आणि उसंतीशिवाय सुसंस्कृत जगणे शक्य नाही, हा त्यांचा युक्तिवाद जाते ओढणाऱ्या आणि पाणी वाहणाऱ्या बाईच्या बाजूचा आहे. ज्याच्याकडे आहे त्याने कमी करणे हा संयम. ज्याच्याकडे नाहीच त्याला कमी घ्यायला सांगणे हा अन्याय. पत्र्याच्या खोलीत मे महिना काढणाऱ्या कुटुंबाचा पंखा आणि पाच खोल्यांतले पाच एसी एकाच तराजूत घालणारा पर्यावरणवाद नैतिक म्हणवून घेऊ शकत नाही. दोन्ही विचार एकत्र ठेवले तर कार्यक्षमतेला एक वेगळे मोल येते: तेवढ्याच विजेत अधिक घरांना उजेड देता येतो. श्रीमंत घराने वाचवलेले युनिट पत्र्याच्या घरात पोचेल अशी व्यवस्था असेल, तर ती बचत नृयज्ञाच्या, म्हणजे दुसऱ्या माणसासाठी करायच्या यज्ञाच्या, जवळ जाते.

एका घराने काय फरक पडतो, ही शंका टाळण्यासारखी नाही. एक पंखा बंद केल्याने हवामानात मोजता येईल असा काहीच बदल होत नाही. तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या १९८४ च्या ग्रंथात याचे उत्तर एका कल्पनेतून दिले. हजार जण हजार कैद्यांना छळत आहेत. प्रत्येक जण एक कळ दाबतो आणि प्रत्येक कैद्याची वेदना इतकी थोडी वाढते की ती कुणाला जाणवतही नाही. हजार कळा दाबल्या की वेदना असह्य होते. कुणीच जाणवेल अशी इजा केली नाही म्हणून कुणीच दोषी नाही, असे म्हणता येत नाही. सर्व मिळून जे घडते त्याचा भाग होणे हाच दोष. पंचसूनेतल्या किड्यामुंग्यांची हिंसाही अशीच सूक्ष्म होती, आणि तरीही ती हिशोबात धरली गेली.

पारफिट यांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आजचे ऊर्जाविषयक निर्णय इतके दूरगामी आहेत की ते बदलले तर शंभर वर्षांनी वेगळीच माणसे जन्मतील. मग बिघडलेल्या जगात जन्मलेला माणूस तक्रार तरी कशाची करणार, कारण दुसरा निर्णय झाला असता तर तो जन्मलाच नसता? हक्क आणि नुकसानभरपाईच्या भाषेत या कोड्याला सहज उत्तर सापडत नाही. ऋणाच्या भाषेत सापडते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले आहे, आणि त्यातले पितृऋण पितरांना परत करता येत नाही. ते फेडायचे पुढच्या पिढीकडे. इथे कर्तव्य कुण्या ठरावीक व्यक्तीचे नुकसान झाले म्हणून उद्भवत नाही. जे राहण्याजोगे मिळाले ते राहण्याजोगे पुढे सोपवायचे, मग पुढचा माणूस कोणीही असो. पारंपरिक अर्थाने हे ऋण संततीने फिटते. ती अट काढून टाकली तरी त्यातला विचार उणा होत नाही, उलट व्यापक होतो.

कबुलीनंतरचे देणे कसे द्यायचे, यात सर्वांत मोठी फसगत होते. निष्कृतीची सोय असली की ती पुढच्या दोषाचा परवाना बनू शकते. वर्षभर हवे तसे वापरायचे आणि शेवटी चार झाडे लावण्याचे पैसे भरायचे, हा आजचा कार्बन भरपाईचा व्यवहार त्याच जातीचा आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना ज्ञानदेवांनी अहिंसेच्या नावाखालच्या हिंसेवर टीका केली आहे. फांद्या तोडून त्यांचे कुंपण त्याच झाडाच्या बुंध्याला घालण्यासारखे ते आहे, असा त्यांचा दृष्टान्त आहे. शके १२१२ मधला हा निकष कुठल्याही हरित जाहिरातीला लावून पाहता येतो. चांगला चालणारा फ्रीज टाकून पाच ताऱ्यांचा नवा आणणे, चांगली फरशी उखडून ‘नैसर्गिक’ फरशी बसवणे, यात बहुतेक वेळा बुंधा वाचत नाही.

या सर्वांतून घरातल्या उपायांचा एक क्रम निघतो, आणि तो बाजाराच्या क्रमाच्या जवळपास उलटा आहे. सर्वांत आधी अनर्थ वापर, कारण तो सोडण्यात काहीच गमवावे लागत नाही. त्यानंतर मर्यादा: एसी किती अंशांवर ठेवायचा, किती खोल्यांत, किती तास. २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर असावेत असा नियम आहे, आणि एकेक अंश वर नेल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते. मग घराचे अंग: पश्चिमेच्या भिंतीवर सावली, खिडकीवर छज्जा, गच्चीवर चुन्याचा पांढरा हात. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांची पांढऱ्या मातीची जाड छते आणि कोकणातल्या जांभ्याच्या भिंती हेच काम करत आल्या आहेत. त्यानंतर साधने: ७५ वॉटच्या जुन्या पंख्याच्या जागी ३० वॉटचा बीएलडीसी पंखा दिवसाला दहा तास चालला तर वर्षाला दीडशेहून अधिक युनिट वाचतात, पण जुना पंखा खरोखर संपल्यावर तो घेणे अधिक योग्य. २५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जवळपास एक युनिट लागते, त्यामुळे सौर बंब पुष्कळ काही वाचवतो. शेवटी गच्चीवरची सौरवीज. तीन किलोवॉटचा संच महाराष्ट्रात दिवसाला साधारण बारा युनिट देतो, आणि २०२४ च्या केंद्रीय योजनेत त्यावर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सौरपट्टीलाही सूना आहे: तिचे सिलिकॉन प्रचंड उष्णतेत शुद्ध होते, आणि पंचवीस-तीस वर्षांनी तिचा कचरा होतो. तो दोष कोळशाच्या मानाने फार लहान आहे, म्हणून ती स्वीकारावी. आणि दोष आहेच, म्हणून आधीचे टप्पे ओलांडून थेट तिच्यापाशी पोचू नये.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला भिंत जाड करता येत नाही आणि गच्ची त्याची नसते. काचेच्या दर्शनी भिंतींची इमारत पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली की तिच्यातल्या शंभर कुटुंबांचा एसी पुढच्या पन्नास वर्षांसाठी ठरून जातो. इथे सूना बांधणाऱ्याची असते आणि बिल राहणाऱ्याचे. निवासी इमारतींच्या भिंती, छत आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घालणारी ‘इको निवास संहिता’ केंद्राने २०१८ मध्ये आणली. राज्यांनी आणि नगरपालिकांनी आपल्या बांधकाम नियमांत ती उतरवल्यावरच तिला जोर येतो. अहमदाबादने उष्णतेच्या आराखड्याचा भाग म्हणून वस्त्यांतली छपरे पांढरी केली, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण आणले. जिथे इजा एका घराची नसून साऱ्या वसाहतीची आहे, तिथे व्रतही वसाहतीने, सोसायटीने, पालिकेने घ्यावे लागते, आणि त्यात पत्र्याखाली राहणाऱ्यांच्या छपराचा क्रम पहिला लागतो.